चंद्रावरचा कॉम्प्युटर आणि ‘बोर्ड गेलाय’

ह्यूस्टनमधल्या एका हॉटेलची खोली. टेबलावर ऑसिलोस्कोप, मल्टिमीटर, वायरींचा गुंता, आणि मधोमध प्रवासी बॅगेएवढा धातूचा एक डबा. चार पुरुष त्याच्याभोवती वाकलेले. कुणी पिना मोजतंय, कुणी लॅपटॉपवर जुन्या कागदाचं स्कॅन मोठं करून बघतंय. मग ‘बीप’. पुन्हा ‘बीप’. एक माणूस आकडा सांगतो, दुसरा ‘बरोबर’ म्हणतो. आणि हे बराच वेळ चालतं.

फ्रेंच उच्चारात इंग्रजी बोलणाऱ्या मार्क व्हर्डिएलच्या ‘क्युरियसमार्क’ या यूट्यूब चॅनेलवरच्या मालिकेची ही सुरुवात. मालिका २०१८ च्या अखेरीला सुरू झाली आणि पंचवीसहून अधिक भाग चालली. डबा आहे अपोलो गायडन्स कॉम्प्युटरचा. एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीत त्याचा आराखडा तयार झाला, रेथिऑन कंपनीने तो बनवला, आणि याच जातीच्या यंत्रांच्या भरवशावर १९६९ ते १९७२ या काळात बारा माणसं चंद्रावर उतरली. हॉटेलातला नमुना स्वतः कधी उडाला नव्हता. तो चांद्रयानाच्या जमिनीवरच्या चाचण्यांसाठी होता, काम संपल्यावर भंगारात गेला, आणि सत्तरच्या दशकात एका हौशी माणसाने ते भंगार विकत घेतलं म्हणून वाचला.

मी ही मालिका फोनवर पाहिली, बरीचशी लोकलमध्ये, उभ्याने. आता थोडं उलट वाटेल, पण ती पाहण्याचं कारण म्हणजे माझा फोनच मेला होता आणि भावाचा जुना फोन हातात आला होता. माझ्या तीन वर्षांच्या फोनकडे दुकानदाराने दोन मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, ‘बोर्ड गेलाय, मॅडम. नवीन घ्या, एक्स्चेंजमध्ये बसवून देतो.’ मी विचारलं, बोर्डातलं नक्की काय गेलं? त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी ‘ढग का आले’ असं विचारलंय. ‘बोर्ड म्हणजे बोर्ड.’

त्याच आठवड्यात ही चार माणसं पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्राला तोच प्रश्न विचारताना दिसली. त्यांना उत्तर मिळत होतं. माझी असूया तिथून सुरू झाली, आणि या मालिकेबद्दल जे म्हणायचं आहे ते त्या असूयेतूनच आलेलं आहे, हे आधीच सांगून टाकते.

आधी एक सवयीचं वाक्य बाजूला सारू. ‘तुमच्या खिशातला फोन चंद्रावर माणूस नेणाऱ्या कॉम्प्युटरपेक्षा लाखो पट शक्तिशाली आहे.’ हे तुम्ही शंभरदा वाचलं असेल. आकडे खोटे नाहीत. त्या यंत्राची बदलता येणारी मेमरी २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबात चार किलोबाइट. कायमची मेमरी ३६,८६४ शब्दांची, साधारण बहात्तर किलोबाइट. सकाळी आत्या पाठवते तो गुलाबाचा ‘शुभ प्रभात’ एवढ्यात बहुधा मावणार नाही. या चमूतल्या केन शिरिफने तर गंमत म्हणून त्या यंत्रावर बिटकॉइन मायनिंगचा प्रोग्रॅम चालवला. एका हॅशला दहा सेकंदांहून जास्त वेळ लागला. या वेगाने एक ब्लॉक मिळवायचा तर विश्वाचं आजवरचं वय लाखो वेळा उलटावं लागेल.

विनोद चांगला आहे आणि तो विनोद म्हणूनच केलेला आहे. पण ‘लाखो पट’च्या वाक्यात एक आळशी समज दडलेला असतो, की जुनं यंत्र म्हणजे नव्याचं लहानपण. बोबडं बोलणारं, कौतुकाने गालगुच्चा घ्यावा असं. मालिका हा समज मोडते, आणि भाषण न देता मोडते. तीस-बत्तीस किलोचा हा डबा दिव्याच्या जुन्या बल्बइतक्या विजेवर, साधारण ५५ वॉटवर चालायचा. त्यात सुमारे २८०० आयसी होत्या आणि तर्काच्या सगळ्या आयसी एकाच प्रकारच्या, ‘नॉर’ गेटच्या. बेरीज, वजाबाकी, इंजिन कधी पेटवायचं, यान कुठे वळवायचं, सगळं एकाच आकाराच्या विटेने बांधलेलं. कारण विटेचा एकच प्रकार असला की ती हजारो वेळा तपासता येते आणि नासकी विट ओळखता येते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बनणाऱ्या आयसींपैकी निम्म्याहून जास्त या एकट्या प्रकल्पाने गिळल्या. आपल्या फोनातल्या चिपा स्वस्त झाल्या त्यामागे त्या भुकेचाही वाटा आहे.

आणि १२०२ चा तो प्रसिद्ध किस्सा. २० जुलै १९६९, ‘ईगल’ खाली उतरतंय, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर १२०२ हा आकडा चमकतो. सिनेमांत आणि रील्समध्ये हे प्रकरण ‘कॉम्प्युटर बंद पडला, मग शूर माणसाने स्टिअरिंग हातात घेतलं’ अशा थाटात येतं. तसं झालं नव्हतं. आकड्याचा अर्थ होता: कामं फार झाली आहेत, जागा उरलेली नाही. यंत्राने स्वतःला पुन्हा सुरू केलं, उतरण्याचं काम तेवढं उचललं आणि कमी महत्त्वाचं टाकून दिलं. हे काही मिनिटांत अनेकदा घडलं, आणि यान उतरलं. पुढे कारण सापडलं. एका रडारचा स्विच अशा स्थितीत होता, की रडारच्या आणि कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्यांच्या लहरी, वारंवारता एक असूनही, एकमेकींशी फेजमध्ये जुळत नव्हत्या. त्यामुळे कॉम्प्युटरला निरर्थक सिग्नल मोजत बसावं लागत होतं आणि त्याचा दहा टक्क्यांहून जास्त वेळ त्यात जात होता. म्हणजे ‘बोर्ड गेलाय’ इथे कुणी थांबलं नाही. प्रश्न स्विचपर्यंत गेला, स्विचमधून तारेत गेला, तारेतून लहरीत गेला, आणि तिथे उत्तर होतं.

आता मालिकेपुढचा खरा प्रश्न, जो कुठल्याही शंकेखोर प्रेक्षकाला पडेल: हे सगळं कशासाठी? अपोलो ११ चे प्रोग्रॅम आज कुणालाही वाचता येतात, ते २०१६ पासून गिटहबवर आहेत. त्याआधी कित्येक वर्षं ‘व्हर्च्युअल एजीसी’ नावाच्या प्रकल्पाने त्यांचं अक्षरन् अक्षर छापील कागदांवरून उतरवून काढलं होतं. यंत्राचा एमुलेटर आहे, तो ब्राउझरमध्येही चालतो, म्हणजे तुम्ही आत्ता हा लेख वाचता आहात त्या फोनवर चालेल. चमूतल्या माइक स्ट्युअर्टने तर आख्खं यंत्र एफपीजीए चिपवर पुन्हा उभं केलेलं होतं. आत्मा असा सगळीकडे मोफत फिरत असताना त्या जुन्या देहाला जागवायचा आटापिटा का?

मालिकेतला सगळ्यात चांगला भाग माझ्या मते याचं उत्तर आहे. कोअर मेमरीचा एक मॉड्यूल नीट काम करत नाही. एका बिटची तार आत कुठेतरी तुटली आहे. आणि ‘आत’ म्हणजे कुठे? अख्खा मॉड्यूल कडक रसायनात ओतून गोठवलेला आहे, कारण रॉकेटच्या थरथराटात आतल्या केसासारख्या तारा हलायला नकोत. मग या मॉड्यूलचा एक्स-रे काढला जातो. पडद्यावर राखाडी पार्श्वभूमीवर पिनांची रांग, तारांच्या सावल्या, आणि त्यातली एक सावली जिथे पोचायला हवी तिथे पोचत नाही. दवाखान्यात डॉक्टर फिल्म उजेडाकडे धरून बोट ठेवतात ना, ‘हे बघा, इथे’, अगदी तसा क्षण. दुरुस्तीपेक्षा मला तो शोध मोठा वाटला. एमुलेटरमध्ये ही तार कधीच तुटली नसती. तिथे यंत्र म्हणजे यंत्राबद्दल आपल्याला असलेली माहिती, त्याहून जास्त काही नाही. देह मात्र आपल्याला माहीत नसलेलंही सांगतो. पुढे याच जिवंत झालेल्या यंत्राच्या मदतीने या लोकांनी इतरांच्या संग्रहात पडून असलेले मेमरीचे मॉड्यूल वाचले, आणि ज्यांचा कागद कुठेच उरला नव्हता असे प्रोग्रॅम त्यांतून बाहेर आले. हा मला या मालिकेचा नैतिक विजय वाटतो. यंत्र चालू झाल्यावर वाजणाऱ्या त्या लिफ्टमधल्यासारख्या गुळगुळीत संगीतापेक्षा कितीतरी मोठा. (ते संगीत काही जणांना आवडतं. मी आवाज बंद करून सबटायटल्स वाचते.)

यूट्यूबवर ‘रिस्टोरेशन’ नावाचा एक महापूर आहे, तुम्हीही त्यात रात्री दोनपर्यंत वाहून गेला असाल. गंजलेली कुऱ्हाड, गंजलेलं शिलाई मशीन, गंजलेला कंदील. सँडब्लास्टिंग, प्रायमर, लालभडक रंग, आणि शेवटी आधी-नंतरची तुलना. मला ते बघायला आवडतं, खोटं कशाला बोलू. पण त्यात यंत्राला कुणी काही विचारत नाही. वाळूच्या फवाऱ्यात गंजाबरोबर कारागिराच्या कानशीच्या खुणा जातात, कुणी तरी कधी केलेली जुगाडू दुरुस्ती जाते, मूळ रंगाचा थर जातो. उरतं ते चकचकीत आणि मुकं. क्युरियसमार्कचा डबा शेवटपर्यंत तसाच ओरखड्यांचा राहतो. एखादा कनेक्टर मिळत नाही म्हटल्यावर तो नव्याने बनवून घेतला जातो, पण जुन्या यंत्रात जबरदस्तीने काही घुसवत नाहीत. आणि वीज देण्याआधी तपासतात, तपासतात, पुन्हा तपासतात. रटाळ? हो, आहे. दोन भाग मी चक्क झोपेत घालवले. पण रटाळपणा इथे प्रामाणिकपणातून येतो. दुरुस्ती खरोखर करणाऱ्या कुणालाही विचारा, नव्वद टक्के काम मोजणंच असतं.

माझी तक्रार दुसरीच आहे. त्या यंत्राची कायमची मेमरी विणलेली होती. हा अलंकार नाही. चुंबकीय पदार्थाची बारीक कडी, तिच्यातून तार गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. अशी हजारो कड्यांतून तार ओवत प्रोग्रॅम ‘लिहिला’ जायचा. एकदा विणला की बदल नाही, म्हणून उड्डाणाच्या कित्येक महिने आधी तो गोठवावा लागे. हे विणकाम मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमच्या कारखान्यात बायका करायच्या. त्यांच्यातल्या काही कापडगिरण्यांतून, काही घड्याळाच्या कारखान्यातून आलेल्या. पंच केलेल्या टेपवर चालणारं यंत्र नेमकं छिद्र समोर आणायचं, बाई सुई आरपार द्यायची. इचलकरंजीत किंवा सोलापुरात माग बघितलेल्या कुणालाही ही जोडी ओळखीची वाटेल: नक्षी पंचकार्डात, आणि धागा हातात. इंजिनिअर लोक या मेमरीला गमतीने ‘म्हाताऱ्या बायकांची मेमरी’ म्हणायचे.

१९६५ साली एमआयटीने या कॉम्प्युटरवर टीव्हीसाठी एक माहितीपट केला होता, तोही यूट्यूबवर सापडतो. त्यात हे विणकाम दिसतं. सुई दिसते, बोटं दिसतात. समजावून सांगायचं काम मात्र शेजारचे टायवाले पुरुष करतात. पन्नास वर्षांनी आलेली ही मालिका प्रत्येक नॉर गेटचा पत्ता शोधते, प्रत्येक पिनेची चौकशी करते, पण या बोटांपाशी ती फार थांबत नाही. मी हिला दोष देताना थोडी बिचकते, कारण ती इतिहासाची मालिका नाही, दुरुस्तीची आहे, आणि या विशिष्ट डब्यात मूळ विणलेली मेमरी नव्हतीच, तिच्या जागी चाचणीसाठीची पर्यायी सोय होती. तरीही. यंत्र नीट चाललं याचं श्रेय देताना आराखडा काढणाऱ्यांची नावं येतात, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची येतात, मार्गारेट हॅमिल्टनचा तो कागदांच्या उंच चळतीशेजारचा फोटो आता टी-शर्टवरही आहे. पण विणताना एक तार चुकली असती तर चंद्रावर काय झालं असतं, हा प्रश्न इतक्या चौकस माणसांनी विचारायला हवा होता.

दुसरी गोष्ट, ऐपत. व्हर्डिएलने स्वतःची कंपनी इंटेलला विकली. त्याची प्रयोगशाळा बघताना आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांना रडू येईल. छंद पोसायला पैसा लागतो, जागा लागते, वेळ लागतो, आणि मालिका हे लपवत नाही, पण त्यावर बोलतही नाही. आणि त्याही आधी लागतो तो भंगारवाला, जो वितळवत नाही. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये १९६० साली टिफ्रॅक हा कॉम्प्युटर कामाला लागला. पूर्ण आपल्याकडे बनवलेला, दोन हजार सातशे व्हॅक्यूम ट्यूबांचा. त्याची मेमरीसुद्धा चुंबकीय कड्यांची होती आणि तिचीही लांबी २०४८ शब्द, अपोलोच्या बदलत्या मेमरीइतकीच. (शब्द मात्र लांब, चाळीस बिटांचे.) काही वर्षांतच मोठं परदेशी यंत्र आलं आणि टिफ्रॅकचं काम संपलं. तो पुन्हा चालू होतानाची मालिका बघायला मी दर महिन्याला पैसे भरले असते.

पण पैशापेक्षाही एक गोष्ट या मालिकेला शक्य करते, आणि ती पडद्यावर सतत असूनही नजरेतून निसटते. लॅपटॉपवरचं ते स्कॅन. चमूपुढे प्रत्येक सर्किटची रेखाचित्रं आहेत. ती संग्रहालयांतून, अर्काइव्ह्जमधून, निवृत्त इंजिनिअरांच्या कपाटांतून हौशी लोकांनी गोळा केली, स्कॅन केली आणि सगळ्यांसाठी नेटवर ठेवली. काम सरकारी पैशातून झालेलं, त्यामुळे कागद लोकांचा. म्हणून ‘बीप’ झाल्यावर दुसरा माणूस ‘बरोबर’ म्हणू शकतो. बरोबर कशाच्या तुलनेत, हे त्याच्यासमोर छापलेलं असतं. १९६६ च्या आसपासचं यंत्र २०१९ मध्ये उठून बसतं आणि तीन वर्षांपूर्वीचा फोन मरतो, यात फोन जास्त गुंतागुंतीचा आहे हे कारण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं कारण म्हणजे फोनचा नकाशा कंपनीच्या तिजोरीत आहे. जुन्या यंत्रांच्या वेडाला लोक ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणतात तेव्हा मला आता जरा राग येतो. साठच्या दशकात मी जन्मलेही नव्हते, मला कसली आठवण येणार? मला त्या यंत्राचा हेवा वाटतो, कारण त्याला ‘का’ असं विचारायची सोय आहे.

फोनचं पुढे काय झालं ते सांगते. एका मैत्रिणीने सुचवलं म्हणून तो लॅमिंग्टन रोडवर नेला. अरुंद जिना, वरच्या मजल्यावर खोली, खोलीत चार टेबलं. प्रत्येक टेबलावर मायक्रोस्कोप, हॉट एअरची बंदूक, फ्लक्सचा वास. चिप लेव्हलची कामं करणारी मुलं. माझा बोर्ड ज्याच्याकडे गेला तो बावीस-तेवीसचा असेल. त्याने बोर्डाला वीज दिली, कुठला भाग तापतोय ते बघितलं, मग संगणकावर बोर्डाचं रंगीत चित्र उघडून एका ठिपक्यावर बोट ठेवलं. ‘ताई, हा कपॅसिटर शॉर्ट आहे. बोर्ड ठीक आहे.’ मी विचारलं, हे चित्र कंपनी देते का? तो हसला आणि पुन्हा मायक्रोस्कोपात वाकला.

काम होईपर्यंत बसायचं होतं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा मोकळा होता, त्याला मी भावाच्या फोनवर तो एक्स-रेचा भाग दाखवला. चंद्र, नासा, आर्मस्ट्राँग, असं बरंच काही मी उत्साहात सांगत होते. त्याने ते फारसं ऐकलं नाही. व्हिडिओ दोनदा मागे घेतला, तुटलेल्या तारेपाशी थांबवला, मग लॅपटॉपवरच्या त्या जुन्या रेखाचित्रावर स्क्रीन दोन बोटांनी मोठी केली आणि म्हणाला, ‘यांना डायग्राम कुठून मिळाला?’